पाच वाजून दोन मिनिटांची पोच

शिक्का तिरका लागलाय म्हणून शाचोंनी कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. त्या सकाळी तिसऱ्यांदा. शाचो म्हणजे कंपनीचे मालक. इथल्या ऑफिसात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. आणि आमची कंपनी म्हणजे क्योतोहून ट्रेनने तासाभरावरच्या एका लहान गावातलं एएम रेडिओ स्टेशन. दुमजली इमारत, मागे भातखाचरात उभा टॉवर, आणि सगळी मिळून आठ माणसं, त्यातली मी पार्ट-टाइम.

"रेडिओ कोण ऐकतं गं अजून?" युनिव्हर्सिटीतल्या लॅबला निघताना नवरा विचारायचा. ऐकणारे होते, आणि माझ्या दुर्दैवाने ते पत्रंही लिहायचे.

ही इथली जुनी रीत. लांबचं एखादं स्टेशन लागलं की ऐकणारा लिहून पाठवतो: अमुक तारखेला, इतके वाजून इतक्या मिनिटांनी हे हे ऐकू आलं, खरखर इतकी होती. स्टेशन ते आपल्या नोंदवहीशी ताडून बघतं आणि जुळलं तर पोच म्हणून एक छापील कार्ड पाठवतं. लोक ही कार्डं हौसेने जमवतात. मार्चअखेर आमचं एएम बंद होऊन फक्त एफएम उरणार, ही बातमी फुटली आणि शेवटचं कार्ड मिळवायला अख्खा जपान आमच्यावर तुटून पडला.

मी पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. माझ्या मते हे काम एका एक्सेल शीटचं होतं, दोन दिवसांत फडशा. शाचोंना ते मान्य नव्हतं. प्रत्येक पत्र ते स्वतः वाचणार, मी वहीतली ओळ बोटाने दाखवायची, मग ते ब्रशपेनने आभाराच्या तीन ओळी लिहिणार, मग मी शिक्का मारणार. दिवसाला पंधरा कार्डं झाली तर डोक्यावरून पाणी. आणि वहीत नसेल तर कार्ड नाही. एका बाईंनी लिहिलं होतं की निवेदकाला शिंक आली. वहीत शिंक नव्हती.

"शाचो, ती शिंक मी स्वतः ऐकलीय. मी इथेच बसले होते."

"तुम्ही ऐकलीत. वहीने नाही ऐकली. नियम बाबांचा आहे."

माझ्या डोक्याची मंडई झाली. त्या बाईंचं पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर जरा जोरातच लावला.

हे बाबा म्हणजे स्टेशन काढणारे, शाचोंचे वडील. तीस वर्षं रोज पहाटे पाचला त्यांनी स्वतः माइकसमोर बसून हवामान, नदीचं पाणी आणि बंद पडलेल्या बसगाड्या सांगितल्या. पण त्यांचा आवाज कुठेच शिल्लक नव्हता. टेप महाग, म्हणून एकाच टेपवर पुन्हापुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं. एएमच्या शेवटच्या सकाळी, पाच वाजता, बाबांचं एक तरी वाक्य गावाला सांगायचं, असं शाचोंनी मनाशी धरलं होतं. आवाज नाही तर नाही, निदान शब्द. वह्यांमध्ये मात्र नुसतं 'हवामान', 'नदीची पातळी'.

"तुम्हाला काहीच आठवत नाही?" मी विचारलं.

"मी झोपलेला असायचो. घरात रोज कानावर पडणारा आवाज, तो उठून कोण ऐकणार?" आणि मग ठरलेलं गाऱ्हाणं: "मी जन्मलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेसुद्धा ते इथेच होते. आईकडे दुपारी गेले."

सत्तरी ओलांडलेला माणूस हे अगदी गाल फुगवून सांगायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. नवव्यांदा सांगत होते तेव्हा मी स्टेपलर भरत होते.

फेब्रुवारीत जिन्याखालची खोली रिकामी करायला निघाली. आत संत्र्यांची खोकी, आणि खोक्यांत जुनी, कार्ड नाकारलेली पत्रं. "रद्दीत द्या," शाचो म्हणाले. इथे रद्दीचीही शिस्त: पिना काढायच्या, गठ्ठे दोरीने बांधायचे, गुरुवारी सकाळी आठच्या आत ठेवायचे. गंजक्या पिना उपसत मी जमिनीवर बसले होते आणि मनातल्या मनात शाचोंच्या सगळ्या घराण्याचा उद्धार करत होते.

एक पिन काही केल्या निघेना, म्हणून त्या पत्रावरची तारीख वाचली गेली. शाचोंच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची. वाढदिवस माझ्या चांगलाच लक्षात होता, कारण मेणबत्त्या सरळ रेषेत येईपर्यंत त्यांनी केक कापू दिला नव्हता. साल मी बोटांवर मोजलं. तेही जुळत होतं.

लिहिणारा कुठल्याशा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. पाच वाजता, स्टेशनची धून. पाच वाजून एक, हवामान, पाऊस. पाच वाजून दोन: निवेदक म्हणाले, 'काल संध्याकाळी माझ्या घरी मुलगा झाला. आवाज जड आहे, माफ करा.' त्यानंतर सात सेकंद शांतता. मग नदीची पातळी.

वर लाल शाईत शेरा: वहीशी जुळत नाही, कार्ड नाही. अक्षर बाबांचं. वह्या चाळून चाळून ते मला पाठ झालं होतं.

मला इतका संताप आला! स्वतःच बोलले, स्वतःच वहीत लिहिलं नाही, आणि ज्याने खरं ऐकलं त्याला खोटं पाडलं. तशीच तरातरा वर गेले आणि पत्र शाचोंच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. मग बसले. म्हणाले, "त्या वर्षीची वही आणा."

आणली. सवयीने बोट ओळीवर ठेवलं: ५:०२, नदीची पातळी. "वहीत नाहीये," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी आहे ना," शाचो म्हणाले.

त्यांनी कोरं कार्ड ओढलं आणि तीन ओळी लिहिल्या. तो माणूस आता नसेल, कारखानाही नसेल, कार्ड परत येईल, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी शिक्का उचलला. तो तिरका लागला. शाचोंनी कार्ड बघितलं, माझ्याकडे परत सरकवलं आणि दुसरं लिहायला घेतलं. "आणि त्या शिंकवाल्या बाईंचं पत्र कुठे टाकलंत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

शेवटच्या सकाळी शाचो स्वतः माइकसमोर बसले. पाच वाजून दोन मिनिटांनी त्यांनी वडिलांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि थांबले. नोंदवही माझ्याकडे होती. मी लिहिलं: ५:०२, मालकांच्या घरी मुलगा झाला.