खोकल्याची वही

कॉलेजच्या रसायनशाळेत तीस वर्षं मदतनीस असलेल्या त्या माणसाला मुलं थेंबकाका म्हणत. ब्युरेटमधून आम्लात अल्कली सोडताना कोणी घाई केली आणि द्रव एकदम भडक गुलाबी झाला, की काकांचा पारा चढायचा. "थेंब थेंब सोड! आणि दिसलं ते लिही, हवं ते नको." प्राध्यापक आले नि गेले, काकांचा हेका तसाच राहिला.

घरीही तोच हेका. बायकोला कोरडा खोकला जडला, तेव्हा काकांनी सरळ वही उघडली. एका पंधरवड्यात एकच गोष्ट बदलायची. आधी उशी, मग कपडे धुण्याची पावडर, मग घरातला रॉकेलचा स्टोव्ह, आणि शेवटी खाट भिंतीपासून खिडकीपाशी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणार कसं? रोज संध्याकाळी सात ते आठ समोर बसून ते उबळी मोजायचे.

"बाबा, आईला डॉक्टरकडे न्या हो," लेक फोनवर काकुळतीला यायची.

"एवढा पंधरवडा होऊ दे. मध्येच औषध दिलं तर केलेलं सगळं पाण्यात."

खाट हलवल्यावर आकडा उतरू लागला. चौदा, नऊ, चार. काका हरखले. लेकीला स्वतःहून फोन करून त्यांनी ते ऐकवलं. एरवी जिना चढतानाही तोलूनमापून पाऊल टाकणारा माणूस, त्या दिवशी चक्क शीळ घालत होता.

चौथ्या महिन्यात बायको जिन्यातच मटकन बसली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. दोन्ही फुफ्फुसांत गाठी पसरल्या होत्या. "फार आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले, आणि किती दिवस उरलेत तेही सांगितलं.

काका तिच्या खाटेशी येऊन बसले. "पण आकडा उतरत होता गं. मी स्वतः मोजला."

"सातच्या आधी मी मोरीत जाऊन खोकून घ्यायचे," ती धापा टाकत म्हणाली. "मग तासभर दाबून धरायचे. नऊ लिहिलंत तेव्हा केवढे खुलला होतात."

"अगं, त्रास वाढतोय एवढं सांगायचंस तरी!"

"तुम्ही विचारलंत कुठे? मोजत होतात."

रागाने म्हणाली असती तर काकांना सोसलं असतं. ती त्यांचा हात थोपटत होती, आणि डॉक्टरांनी सांगितलेले तिचे उरलेले दिवस मोजायची काकांची हिंमत होत नव्हती.