बुधवारचं पाणी

“सगळीकडं डिवाइडच लिवा, मॅडम. एकच शब्द ठेवा, भानगड नको,” वसंतराव म्हणाले आणि मी कान टवकारले.

अमरावतीला कोर्टाजवळ माझं भाषांतराचं ऑफिस आहे. लोक फीवरून घासाघीस करतात, त्याचं काही वाटत नाही. पण इंग्रजी शब्द कोणता ठेवायचा हे कोणी सांगू लागलं की मला संशय येतो. स्वभावच तसा झालाय.

कागद वाटणीपत्राचा मसुदा होता. वसंतरावांचे थोरले भाऊ परदेशात वारले. त्यांची मुलगी सायली तिकडेच वाढलेली. मराठी बोलते, वाचता येत नाही. ती माझं इंग्रजी वाचून सही करणार होती. मसुद्यात स्पष्ट होतं: संत्र्याचा बगीचा निम्मा निम्मा, विहीर सामायिक, पाणी पाळीनं. म्हणजे ठरल्या दिवशी एकाचं, मग दुसऱ्याचं. विहीर वसंतरावांच्या निम्म्यात येत होती.

मी म्हटलं, “हे बघा, जमीन डिवाइड होते. हॉटेलचं बिल आपण स्प्लिट करतो. कोर्टाच्या कागदात वाटणीला पार्टिशन म्हणतात. विहीर मात्र शेअर होते. ती एकच राहते, वापरणारे दोघं.”

“ते शेअरिंग भाऊ गेला तवाच संपलं. जुना मजकूर हाये तो.”

“मग मराठी मसुदा बदलून आणा.”

“आता कावून फाटे फोडता? एका शब्दाचा तर सवाल हाये!”

त्या एका शब्दानं पोरीचं पाणी तुटलं असतं. संत्र्याची झाडं पाण्याविना किती दिवस काढणार? पण नुसत्या संशयावर माणसाला खोटं ठरवता येत नाही. खरंच काही नवीन ठरलं असेल, असंही वाटून गेलं.

वसंतरावांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. “लवकर करा मॅडम. आज मंगळवार. उद्या भावाच्या वावराची पाळी लागते. मले आजच पाणी देऊन ओलीत उरकाचं हाये.”

“कोणत्या विहिरीवर?” मी विचारलं.

पाळी अजून चालू होती, म्हणजे शेअरिंग संपलेलंच नव्हतं. मला राग आला, खोटं बोलणार तेही पुतणीशी. पण आवाज चढवला नाही. सही करणाऱ्याला मूळ कागद वाचता येत नसेल, तर शिक्का मारण्याआधी मी तो फोनवर वाचून दाखवते. आमच्या ऑफिसची जुनी पद्धत. ती सांगितली. त्यांना शिक्का हवाच होता. नाइलाजानं त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून सायलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

मी विहिरीचं कलम वाचलं. पलीकडून सायली म्हणाली, “काका, आपला बुधवार ना? बाबा दर बुधवारी तुम्हाला फोन करायचे, पाणी सोडलं का विचारायला. शेवटी हॉस्पिटलमधूनही केला होता.”

वसंतरावांनी टेबलावरचा मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, “हाव बेटा. बुधवारच.”

फोन ठेवला. माझ्याकडे न बघता बोलले, “शेअर लिवा.”

मी शेअर लिहिलं, शिक्का मारला. ते फी देऊन निघून गेले. संशय खरा ठरल्याचा आनंद काही झाला नाही.

हल्ली वाटणीचा कागद आला की डिक्शनरी नंतर उघडते. आधी समोरच्याला चहा देते आणि विचारते, घाई कशाची आहे?