मजुरीत न मोजलेली भाकर

आमच्या कचेरीत दरवर्षी भादव्यात एक काम निघे आणि ते कुणालाच नको असे. त्या भागात मजुराला रोज काय मिळतं, ते गावोगाव हिंडून विचारायचं आणि कागदावर लिहून आणायचं. सडकांचे, पाणी भरण्याचे, सरकारी बंगल्यांच्या झाडलोटीचे ठेके त्या कागदावरून निघत. ठेकेदारानं तिथल्या चालू मजुरीपेक्षा कमी देऊ नये असा नियम होता, आणि चालू मजुरी म्हणजे आम्ही लिहून आणू ती. खामगावच्या त्या कचेरीत मी सगळ्यांत नवा, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचा कागद साहेबांच्या सहीनं नागपूरला जाई आणि मंजूर होऊन परत येई.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. त्या वयात तर फारच यायचा. आधीच्या कारकुनांनी काय केलं होतं ते मी जुन्या फायलींत पाहिलं. खुर्ची न सोडता मागच्या वर्षीचे आकडे उतरवून काढले होते. एका वर्षी तर बेरजेतली चूकसुद्धा इमानानं उतरवली होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, असली कामचुकारी आपल्याच्यानं व्हायची नाही. सायकल काढली आणि जळगाव जामोदच्या बाजारापासून सुरुवात केली.

चांगला पंधरा दिवस हिंडलो. मालकांना विचारलं, मग त्यांच्या माघारी मजुरांना विचारलं. बाईमाणसाला वावरात रोज काय, तर तीन आणे. पाटील म्हणाला तीन आणे, निंदण करणाऱ्या बायाही म्हणाल्या तीन आणे. मालक आणि मजूर एकच आकडा सांगतात असं माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत पुन्हा कधी झालं नाही. वरवट बकालपासून कोसभरावर आमचं गाव. तिथं मुक्काम केला तेव्हा थोरल्या भावालाही विचारलं, कारण आमची शेती तोच पाहायचा. तो म्हणाला, “तीन आणे. तुले मालूम नाई काय बे?” मालूम होतंच. वळणदार अक्षरात कागद लिहिला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब दूरच्या मुलखातले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, “काम मेहनतीनं केलेलं दिसतं.” मी आठवडाभर हवेत होतो.

दिवाळी झाल्यावर त्याच दरानं आमच्या गावावरून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या सडकेचा ठेका निघाला. मुरूम पसरायचा, त्यावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा. पाणी वाहायला बाया लागत. त्यांत आमच्या गावची एक होती. नवरा वारलेला, घरात आंधळा सासरा, बाकी कोणी नाही. कितीतरी वर्षं ती आमच्या वावरात निंदायला येत असे. सडकेवर पावसाळ्यापर्यंत रोज काम मिळेल, खाडा नाही, म्हणून ती तिकडे गेली.

हजेरी तपासायला मी एकदा भर दुपारी तिथं पोचलो. गडी-बाया बाभळीच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून जेवायला बसले होते. ही एका कडेला नुसती बसली होती. चेहरा उतरला होता, गालांची हाडं दिसत होती. मी विचारलं, “काऊन बाई, जेवली नाई?”

“जेवली ना भाऊ सकाळी. अर्धी खाल्ली, अर्धी बुढ्याले ठिवली.”

मला वाटलं, ठेकेदार पैसे दाबतोय. मी तिथंच त्याच्यावर चढलो. चार लोकांत नको ते बोललो. तो वयस्क माणूस होता. त्यानं शांतपणे वही पुढे केली आणि म्हणाला, “बाबूजी, तुमच्या कागदात तीन आणे हाय, मी तीन देऊन राह्यलो. एक पैसा कमी असंल त सांगा.” कमी नव्हता. मी त्या बाईकडे पाहिलं.

“त्याईचं खरं हाय,” ती म्हणाली. “तीन आणे बरोबर देतात. पन वावरात तीन आणे अन् भाकर असते ना भाऊ. इथी भाकर नाई.”

माझ्या थोबाडीत कोणी मारली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडे वावरात कामाला आलेल्या बाईला दुपारी दोन भाकरी आणि वर तोंडी लावायला बेसन नाहीतर ठेचा मिळायचा. माझी आई रोज सकाळी टोपलंभर भाकरी थापायची आणि ते टोपलं वावरात जायचं. ही बाई त्यातली एक खायची आणि एक सासऱ्यासाठी पदरात बांधून न्यायची. हे मी जन्मापासून पाहिलेलं. पण त्याला मजुरी म्हणत नसत. मजुरी म्हणजे संध्याकाळी हातावर पडतं ते नाणं. माणूस आपल्या वावरात राबला तर त्याला भाकर द्यायचीच, त्यात सांगण्यासारखं काय? एखादा मालक ‘तीन आणे आणि भाकर देतो’ असं म्हणाला असता तर लोकांनी त्याला हलकट ठरवलं असतं. बाईनं तसं म्हटलं असतं तर खादाड म्हणाले असते. म्हणून दोन्हीकडचे लोक मला तीन आणे म्हणाले, आणि दोघेही खरं बोलले. परमुलखातला एखादा कारकून असता तर त्यानं सहज विचारलं असतं, आणखी काय देता? मी इथलाच, त्यामुळे मला तो प्रश्न सुचलाच नाही. ठेकेदाराची माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या, जवान हाय तुमी.”

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं झापतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सरकार भाकरी देऊ शकत नाही, पैसेच देणार. दोन भाकरींचे किती होतात ते आणा. अंदाज नको, कुठे विकत मिळत असेल तो भाव हवा.”

बोलणं रास्त होतं, पण करायचं कसं? गावात बायांना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, कोनाची भाकर? अमकीची कागदासारखी असते, तुमच्या मायची जाड असते. मी चिडलो, तशा त्या आणखी हसल्या. शेवटी खामगावात सापडलं. सरकी काढायच्या कारखान्यांत बाहेरगावचे मजूर राहत, त्यांच्यासाठी एक म्हातारी खानावळ चालवायची. ती दोन भाकरी आणि बेसनाचे पाच पैसे घेई. मी तिच्या भाकरी आमच्या घरच्या भाकरींशी ताडून पाहिल्या, वजनसुद्धा केलं. ती मला वेडा समजली असणार. तेव्हा चार पैशांचा आणा होता; तीन आणे अधिक पाच पैसे, म्हणजे चार आणे एक पैसा. साहेबांनी स्वतः दोन पानं लिहून जोडली. नागपूरहून एकदोनदा विचारणा आली, त्यांची उत्तरं मी दिली, आणि पुढच्या दिवाळीपासून नवा दर लागू झाला.

त्या हंगामात ती बाई पुन्हा सडकेवर होती. मी मुद्दाम दुपारची वेळ धरून गेलो. तिच्या पुढ्यात भाकर होती, आणि एक घरी झाकून ठेवल्याचं तिनं आपणहून सांगितलं. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, नोकरीत तेवढा आनंद पुन्हा झाला नाही.

घरी गेलो तेव्हा मी ती हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. आई ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “भाकरी तोलल्या तुनं?” भाऊ मात्र लक्ष देऊन ऐकत होता. त्यानं विचारलं, “म्हंजे सरकारच्या लेखी दोन भाकरी बरोबर पाच पैसे?” मी म्हटलं, बरोबर पाच पैसे, पक्कं कागदावर आहे. माझी फुशारकी चालली होती. तो काय विचारतोय हे मी ऐकलंच नाही.

तेवढ्यात तिकडे युरोपात लढाई पेटली आणि हळूहळू जवारी महाग होत गेली. आमचा दर एकदा मंजूर झाला की पुढच्या दिवाळीपर्यंत बदलत नसे. मी नवे भाव लिहून पाठवले. कागद गेला तो गेलाच.

पावसाळ्यात सडकेचं काम बंद पडलं. त्या श्रावणात मी चार दिवसांच्या रजेवर घरी आलो होतो. दुपारी वावरात गेलो तर निंदण चाललेलं. ती बाईही आली होती. भाकरीची वेळ झाली, बाया बांधावर बसल्या. कुणी घरून आणलेलं फडकं सोडलं, कुणी नुसतीच बसली. ही नुसती बसलेल्यांत होती. टोपलं आलं नाही.

“टोपलं कुठी हाय?” मी भावाला विचारलं.

“बंद केलं. रोख देऊन राह्यलो. चार आणे एक पैसा, सरकारी दरानं.”

“जवारी काय भाव झाली, ठाऊक आहे ना तुला? पाच पैशांत आता एक भाकर होत नाही.”

“मंग सरकारले सांग. कागद तुह्याच हातचा हाय. अन् मी एकटा नाई, गावात समदेच आता असंच देऊन राह्यले.” तो रागावून बोलत नव्हता. त्यालाही घर चालवायचं होतं, आणि महाग जवारीच्या भाकरी टोपलंभर वाटण्यापेक्षा पाच पैसे देणं स्वस्त पडत होतं. मी त्याला फाडफाड बोललो. लोभी म्हणालो, आईबापाचं नाव घालवलंस म्हणालो. तो निंदणाच्या ओळी पाहत निघून गेला. बाया खाली मान घालून बसून होत्या. मी ओरडत त्याच्यावर होतो, पण लाज माझी मलाच वाटत होती. सडकेवरच्या वीस-पंचवीस बायांची भाकर मी कागदावर आणली, आणि त्याच कागदानं सगळ्या गावाच्या वावरांतून ती उचलली.

संध्याकाळी ओसरीवर मजुरी वाटली. बाकीच्या गेल्या, ती थांबली. हातातल्या चार आण्यांतला एक आणा आणि वरचा एक पैसा तिनं वेगळा काढला आणि माझ्यापुढे धरला.

“भाऊ, भाव तुमीच काढला ना? हे पाच पैसे घ्या अन् दोन भाकरी द्या मले. बुढा सकाळपासून उपाशी हाय.”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता. तिला खरंच दोन भाकरी हव्या होत्या, आणि पाच पैशांत त्या आता दुसरीकडे कुठंच मिळत नव्हत्या. मी आत गेलो. आई चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न पाहता तिनं दोन भाकरी काढल्या, वर बेसन घातलं आणि फडक्यात बांधून दिलं. बाहेर येऊन मी ते तिच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, “पैसे राहू दे.”

“नाई भाऊ. भाकर कामाची व्हती तवा हक्कानं नेत व्हती. आता इकतची हाय, त इकत घेते. भीक मांगाले नाई आली मी.”

तिनं पाच पैसे ओसरीच्या कडेला ठेवले, पदर सावरला आणि गेली. भाऊ आत निघून गेला. आई चुलीपासून उठली नाही. ते पैसे बराच वेळ तसेच पडून होते, आणि शेवटी ते मीच उचलले. आमच्या घरात भाकर विकून पैसे घेतलेला पहिला माणूस मी.