न चाखलेली स्टाउट

अट्रॅक्टा गेगनच्या कोटावर एक बारीकशी पिन असते. तिचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाईनं लहानपणी बिशपसमोर शपथ घेतली की दारूला शिवणार नाही, आणि ती पाळली. आता क्लूनशी वाडीत सगळ्यात चांगली स्टाउट, म्हणजे आमची काळी कडवट बिअर, कोण बनवतं असं विचाराल, तर त्याचंही उत्तर अट्रॅक्टाच. डब्लिनहून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते खो खो हसतात. हसू देत. आमच्या रॉसकॉमनची माणसं कळायला त्यांना अजून बरेच पावसाळे काढावे लागतील.

मी तिची शेजारीण, डिंफ्ना. दोघींच्या परसात एकच कुंपण, त्यामुळे तिच्या घरातलं मला कळतं आणि माझ्या घरातलं तिला जरा जास्तच कळतं.

तिचा नवरा कोलमन दलदलीवर यंत्र चालवायचा. दिवसभर टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीची माती, कापायची आणि संध्याकाळी धाकट्या भावाच्या, फिन्टनच्या पबमध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकच ग्लास तासभर पुरवायचा, हा त्याचा नेम. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं हळूहळू परत आलं, पण घराबाहेर पडणं संपलं. फिन्टन बिचारा बाटलीत स्टाउट भरून आणायचा, पण पबपासून इथवर येईतो तिचा फेस मरायचा आणि कोलमन ग्लासाकडे बघून मान फिरवायचा. अट्रॅक्टा तेव्हा दिवसरात्र त्याच्या खाटेशी बसून डोळे पुसायची. एक दिवस उठली, बसनं ॲथलोनला गेली आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, पाकाचा डबा, कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं, यीस्टची पुडी असं सगळं घेऊन आली.

"तू? पिन लावून?" मी विचारलं.

"बनवणार नाही अशी शपथ नाही घेतली मी," ती म्हणाली. "पिणार नाही अशी घेतलीय. बिशपला नीट ऐकू आलं होतं."

माल्टचा तो पाक काकवीसारखा, काळा आणि चिकट. सुरुवातीला तिनं तो पातेल्याच्या बुडाला लावून करपवला, भिंतीला लावला, मांजरालाही लावला. पण बाई शिकली. भाजलेले जव भरडायचे, फडक्यात पुरचुंडी बांधून गरम पाण्यात सोडायचे. पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर तुरट होतं. पुरचुंडी काढली की त्या काळ्या पाण्यात पाक विरघळवायचा, हॉप्स घालून उकळायचं, पातेलं गार पाण्यात बसवून निववायचं, बादलीत ओतायचं, वरून उकळून गार केलेलं पाणी घालून बादली भरायची आणि यीस्ट भुरभुरवायचं. मग बादली गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपड्यांच्या कपाटात. झाकणाच्या नळीतून बुडबुडे यायला लागले की कोलमन खाटेवरून मोजायचा. गेगनांच्या घरच्या चादरींना वर्षानुवर्षं भाजक्या जवाचा वास होता, आणि आमच्या वाळत घातलेल्या चादरींना तो नाही याचं मला वाईट वाटायचं, खरं सांगते.

मग ती बाटल्यांत भरायची, आणि बाटल्यांत मुरली की पहिला ग्लास कोलमनला. तो घोट घ्यायचा, थांबायचा, तिच्याकडे बघायचा आणि निकाल द्यायचा: "बरोबर आहे." किंवा, "अट्रॅक्टा, ही बिघडलीय." बिघडलेली सगळीच्या सगळी ओढ्यात जायची. कोलमननं पास केल्याशिवाय एक बाटली उंबऱ्याबाहेर पडली नाही. आम्ही शेजारी कितीही वाखाणू दे, तिच्या लेखी त्याला किंमत नव्हती. "तुमचं काय," म्हणायची, "फुकट ते पौष्टिक. तुम्ही शिरक्यालाही वाहवा म्हणाल."

गेल्या थंडीत कोलमन गेला. बादली पालथी पडली ती पडलीच.

आणि या वर्षी स्टेशन तिच्याकडे आलं. आमच्याकडे स्टेशन म्हणजे आगगाडीचं नव्हे. वाडीतल्या एका घरी फादर येऊन मिस्साची प्रार्थना म्हणतात, मागाहून सगळी वाडी तिथंच जेवते. पाळी येते तेव्हा घराला रंग काढतात, दारं घासतात, कर्ज काढून पडदे शिवणारेही मी पाहिलेत. गेगनांकडचं मागचं स्टेशन लोकांना अजून आठवतं ते त्या स्टाउटसाठी.

फिन्टन येऊन बसला. मी तिथंच होते, पडद्यांना शिवण घालत.

"माझ्याकडून एक पिंप घेऊन जा," तो म्हणाला. "उगाच जोखीम कशाला?"

"या घरात स्टेशनाला पबची दारू?" अट्रॅक्टानं किटली आपटली. "तुझ्या आईच्या घरात?"

"मग बनव ना. मी कुठं नको म्हणतो?"

"बनवीन. पण चाखणार कोण? कोलमनची जीभ आणू कुठून?"

फिन्टननं तोंड उघडलं, मग त्यात बिस्किट घातलं. "मी पिंप गाडीत टाकून आणतो," जाताना म्हणाला. "लागलं तर आत आणू. नाही लागलं तर आल्या वाटेनं परत."

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "डिंफ्ना, त्या दिवशी ते पिंप आत आलं ना, तर बादली मी कोंबड्यांना देऊन टाकीन. मग समजायचं की जे काही होतं ते कोलमनचं होतं. मी आपली ढवळणारी."

"मी चाखून सांगते की," मी म्हटलं.

"तू? तू माझा करपलेला केकसुद्धा छान म्हणालीस."

आता पुढचं ऐका. त्या दिवसांत नळाचं पाणी उकळूनच वापरा अशी सूचना लागलेली होती. अट्रॅक्टानं पाणी उकळून, निववून एका पांढऱ्या कॅनमध्ये भरून ठेवलं. शेजारी तसलाच दुसरा पांढरा कॅन. त्यात आमच्याकडच्या एका संतिणीच्या नावाच्या विहिरीचं पाणी, फादरांनी मंतरलेलं, स्टेशनाला घरोघरी वाटायला आणलेलं. आता सांगायलाच हवं का? बादली भरून झाली, यीस्ट पडलं, झाकण बसलं आणि मग हिला ओट्याखाली उकळलेल्या पाण्याचा कॅन भरलेलाच दिसला.

तिनं कुंपणावरून मारलेली हाक मी अजून विसरले नाही. मला वाटलं घर पेटलं.

"कच्चं पाणी गेलं गं बादलीत! आता नासणार!" मग आवाज खाली आणून, "आणि पवित्र पाणी! ओतून तरी कुठं देऊ? मोरीत ओतलं तर पाप, प्यायला दिलं तर पाप."

"देव तारी त्याला कोण मारी," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची म्हण गिळली.

फादर डर्कनना फोन केला. नंतर कळलं की त्यांनी फोनवर हात दाबून हसून घेतलं.

"तुमचं पाणी जास्त की मंतरलेलं जास्त?" त्यांनी विचारलं.

"माझं जास्त, फादर. पातेलं मोठं होतं."

"मग ते पवित्र राहिलं नाही. साधं पाणी जास्त झालं की आशीर्वाद उतरतो. खुशाल प्या. म्हणजे, आम्ही पिऊ."

"आणि नासलं तर?"

"त्याचा कायदा आमच्या पुस्तकात नाही, बाई."

नव्यानं बनवायला डबा नव्हता आणि वेळही नव्हता. बादली कपाटात राहिली. अट्रॅक्टा दिवसातून दहादा कपाट उघडायची, नाक नळीशी न्यायची, बुडबुडे कान देऊन ऐकायची. बाटल्या भरताना प्रत्येकीत चिमूट साखर घातली, बुचं ठोकली. मग एक फोडली, ग्लासात ओतली, उजेडाकडे धरली, हुंगली, पुन्हा हुंगली. कपाळावर आठी नव्हती. ग्लास मला दिला नाही, ओढ्यात ओतला. "हुंगून काय कळतंय," एवढंच म्हणाली.

स्टेशनाच्या संध्याकाळी घर असं चमकत होतं की बूट काढावेसे वाटले. मिस्सा झाली. टेबलावर हॅमची सँडविचं, सफरचंदाचा टार्ट, चहाच्या किटल्या. बाहेर अंगणात फिन्टनची गाडी आणि आत पिंप, हे झाडून सगळ्यांना माहीत. म्हातारा बार्टली तर खिडकीतून गाडीवर नजर ठेवूनच बसला होता. कच्च्या पाण्याची बातमी वाडीभर झाली होती. ती कोणी केली ते विचारू नका.

अट्रॅक्टानं पहिलं बूच काढलं. फुस्स झालं, चांगलं दमदार. ग्लास तिरका धरून तिनं सावकाश ओतलं. खाली काळं, वर बदामी फेस. ग्लास तिनं फिन्टनच्या हातात दिला, कारण धंद्यातला माणूस तोच. फादरांनीही सँडविच खाली ठेवलं.

फिन्टन प्याला. थांबला. पुन्हा प्याला. मग ग्लास तसाच हातात घेऊन, कोणाकडे न बघता दाराबाहेर चालता झाला, थेट गाडीकडे.

"गेला पिंप आणायला," बार्टली पुटपुटला. त्या क्षणी त्याच्या टकलावर टार्ट आपटावासा वाटला मला.

अट्रॅक्टा पांढरीफटक पडली, पण थांबली नाही, त्याच्यामागे गेली. मी तिच्यामागे. फिन्टन गाडीला टेकून उभा होता. गाडीचं दार बंदच होतं.

"बिघडली ना?" अट्रॅक्टानं विचारलं. "सरळ सांग."

"बिघडली? अगं, दरवेळी असते तशीच आहे. गोडसर नाही, भाजकी, मागाहून कडू." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "म्हणून तर बाहेर आलो. आता सांगितल्याशिवाय राहवत नाही."

"काय सांगितल्याशिवाय?"

"कोलमनला चव नव्हती. झटका आला तेव्हाच गेली. लापशी काय अन् स्टाउट काय, त्याला सगळं सारखं. मला म्हणाला, तिला सांगू नकोस. म्हणाला, पहिल्यांदाच माझ्या खाटेशेजारून उठून ती कशाला तरी लागलीय."

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "तो बिघडलेली बरोबर ओळखायचा. दर वेळी."

"तो ग्लासाकडे कुठं बघायचा? तुझ्या तोंडाकडे बघायचा. तू ग्लास आणून देताना तुझ्या कपाळावर आठी असली की म्हणायचा, बिघडलीय. नसली की, बरोबर आहे. मला म्हणाला होता, फिन्टन, हिला हुंगूनच कळतं, फक्त हिला ते माहीत नाही."

मला वाटलं आता ही रडणार. मी पदर नसल्यामुळे ॲप्रन पुढे केला. पण अट्रॅक्टा हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं गाडीच्या दारावर एक सणसणीत थाप मारली.

"इतकी वर्षं!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मला फसवलंन लबाडानं!"

मग तिनं केस सारखे केले, फिन्टनच्या हातातला ग्लास घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून चांगला लांब श्वास घेतला. ग्लास घेऊन तडक घरात गेली. अख्खी वाडी दाराकडे तोंड करून उभी होती.

"काय गं, काय म्हणाला फिन्टन?" बार्टलीनं विचारलं.

"त्याला काय विचारता?" अट्रॅक्टा गेगन म्हणाली आणि दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं. "मला विचारा. उत्तम झालीय. ग्लास पुढे करा."