यशवंतभाऊंचा झाडीबोलीतला कॉम्प्युटर

यशवंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर विंडोज टाकत होते. फोनवर त्यांचा मुलगा, प्रशांत होता. "काकू, बाबा गेले... सकाळी चहा घेता घेता." फोन ठेवला आणि मनात काय यावं, तर भाऊ आत्ता दारात असते तर हे विंडोज पाहून म्हणाले असते, "झालं, आणखी एक गडी गेला मॅडमच्या पार्टीत!" रडू नंतर आलं. आधी हसूच आलं, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

धानोऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे मराठी टायपिंग शिकायला एसटीने यायचे. शिकले, जुना कॉम्प्युटर घेतला, आणि मी नेहमीप्रमाणे त्यात विंडोज टाकून दिलं. "याचं लायसन कुठी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, इथं कोण विचारतंय लायसन? सगळ्या गावात असंच चालतं." त्यांच्या समोरचा चहा निवून गेला. मग म्हणाले, "मॅडम, मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. न दिलेली वस्तू घेणार नाई, असं बुद्धाच्या फोटोपुढं बोलतो. आन् दुपारी हे चालवू का?" मी वैतागून म्हटलं, मग लिनक्स घ्या, ते करणाऱ्यांनी राजीखुशीनं जगाला देऊनच टाकलंय. मी आपलं टोमणा म्हणून बोलले होते. पण राजीखुशीनं दिलेलं, एवढं त्यांना पुरलं. त्या दिवसापासून ते लिनक्सवाले झाले.

मग आमचं भांडण जे सुरू झालं ते झालंच. शर्टाच्या खिशात पेनच्या शेजारी पेनड्राइव्ह ठेवून फिरायचे, लग्नाच्या पंगतीतही कुणाला तरी गाठून लिनक्स समजावायचे. त्यांचा प्रिंटर लिनक्सवर चालेना, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! "विंडोज म्हणजे वाढलेलं ताट, भाऊ. तुमचं म्हणजे आधी धान कांडा, मग भात शिजवा." ते म्हणाले, "कांडू ना, मॅडम. कोंडा तरी आपल्याच कोंबड्या खातीन." शेवटी प्रिंटर त्यांनी चालवलाच. एसटी लागली की "येतो मंग" म्हणून उठायचे. मी "जा सांभाळून" म्हटलं की चिडायचे. "जा काऊन म्हणता? या म्हणा."

लिनक्समधले पडद्यावरचे शब्दही आपल्याला बदलता येतात, हे त्यांना कुठूनतरी कळलं आणि सगळा हिवाळा ते शब्द आपल्या इकडच्या झाडीबोलीत करण्यात गेला. शोधायच्या जागी 'कुठी आहे?', कचऱ्याच्या डब्यावर 'उकिरडा', फाइल जपायची तिथं 'ठेवून द्या'. धानोऱ्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा मी ते पाहून पोट धरधरून हसले. "भाऊ, जगात हे कोण वापरणार?"

"प्रमिला वापरन," ते म्हणाले.

भाऊंची बायको, प्रमिलावहिनी, चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी पडदा दिसला की चार हात लांब सरकायच्या. या पडद्यापुढं मात्र बसल्या, आणि आपल्या आईची धानाच्या रोवणीची गाणी एका बोटानं लिहू लागल्या. तेव्हा मी हसायची थांबले.

गेल्या आठवड्यात पुण्याहून प्रशांतचा फोन आला. "काकू, आईच्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकून द्या. तिच्याशी व्हिडिओ कॉल करता आला पाहिजे. बाबांचं ते बिघडलं तर ती कुणाला विचारेल?" पोराचं काही चुकत नव्हतं. या खेपेला मी रीतसर विकत घेतलेलं विंडोज घेऊन धानोऱ्याला गेले. भाऊंचा तेवढा मान राखायचा होता.

वहिनींनी चहा दिला. मी सांगितलं, गाणी सगळी जपून ठेवते, काळजी करू नका.

"आन् हे शब्द?"

"ते जातील, वहिनी. विंडोजमध्ये असे नाही टाकता येत."

वहिनींनी माउस धरून हळूहळू कोपऱ्यातल्या बंद करायच्या बटणावर नेला. पडद्यावर आलं, 'येतो मंग?' खाली दोन चौकोन होते. एकावर 'या'. दुसऱ्यावर 'बसा ना जराशे'. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी यायची तेव्हा कॉम्प्युटर बंद व्हायच्या आधीच माझी परतीची एसटी असायची.

"रोज ते बंद कराले लागले का मी हे दाबून देत होती," दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवत वहिनी म्हणाल्या. "मंग बसत आणखी थोडे..."

मी विंडोज पर्समधून बाहेर काढलंच नाही. भाऊंच्या लिनक्सवरच व्हिडिओ कॉल जोडून दिला. प्रशांत दिसला, वहिनींनी पदर सावरला. त्याला म्हटलं, "आईचं काही बिघडलं तर मी आहे. लिनक्स शिकून घेते आता." त्यानं मान डोलावली.

कॉल संपला. एसटीची वेळ झाली होती. मी पर्स उचलली आणि म्हटलं, "येते मग, वहिनी."

त्या अजून पडद्याकडेच पाहत होत्या. तिकडंच पाहत म्हणाल्या, "बसा ना जराशे."

मी बसले.