चिखल्या काय म्हणतो

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असत. मे महिन्याच्या सुट्टीत मीही मोकळीच. मग बाबा मला सायकलवर मागे बसवून कशेळीच्या खाडीकडे नेत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिकडे गोदामं अजून यायची होती, नुसती मिठागरं होती. मी दहावीला जाणार होते.

बाबा लूम दुरुस्त करणारे जॉबर. कारखान्याच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. घरी त्यांनी रेडिओ मोठा केला की आई म्हणायची, "भिंतींना कान असतात म्हणे, तुमचेच कुठं गेले?" त्यांनी लूम सोडावेत म्हणून ती मागे लागलेली. बाबा म्हणत, "कान शाबूत हायत माजे. पोरीचं कॉलेज होऊ दे." मला ते भांडण ऐकवत नसे, कारण कान जाणार होते ते माझ्यापायी.

खाडीवर मात्र आम्ही बांधाआड मुकाट बसायचो. चिखल्या हा मातकट रंगाचा छोटा पक्षी मिठागराच्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. कुणी जवळ गेलं की पंख मोडल्यासारखा फरफटत दूर जातो, आणि माणूस फसून त्याच्या मागे गेला की भुर्रकन उडतो. या नाटकावर बाबा बेहद्द खूश. "पक्का लबाड हाय," ते कौतुकानं म्हणत.

त्या दुपारी मादी अंड्यांवर उभी राहून त्यांना सावली देत होती. ऊन रणरणतं. चोच वासून ती धापा टाकत होती, गळा थरथरत होता. आवाज मात्र काहीच नव्हता.

बाबा तिच्याकडे बघत हसले. "बघ, कवाची बोलतेय अंड्यांशी. बारीक आवाज हाय, पन गोड."

 मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "बाबा, घरी जायचं?"

"चल," म्हणत ते उठलेसुद्धा.

मग माझा चेहरा बघून पुन्हा खाली बसले. मला रडू आवरेना. "ती बोलत नव्हती, बाबा. उन्हानं धापा टाकत होती."

 बाबा रुमालानं माझे डोळे पुसत म्हणाले, "आईला सांगू नको. तुजा आवाज पाठ हाय मला. तुजे ओठ हलले का आपसूक ऐकू येतो."