गंजीतली ऊब

मला थंडी लवकर वाजते आणि ऊनही लवकर लागतं, हे मी आता कुणापुढंही ताठ मानेनं सांगते. लग्नाआधी फलटणला त्याचं कौतुकच होतं. विरजणाचं दूध नीट कोमट झालंय का, हे बघायला आई मलाच हाक मारायची. घरात कुणाला ताप येऊ लागला, की माझ्या हाताला तो सगळ्यांच्या आधी कळायचा. कुंडलजवळच्या सासरी आले आणि तोच माझा अवगुण झाला.

सासरे पलटणीतून पेन्शनीवर आलेले, बर्फात पहारा केलेला माणूस. ऐन थंडीत विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ करायचे. मी स्वेटरवर शाल गुंडाळून चुलीपुढं बसलेली दिसले, की सासूबाईंना म्हणायचे, "कापसात गुंडाळून ठेवायची सून आणलीया आपण." सासूबाई हसायच्या. नवराही सैन्यात, रजेपुरता घरी. माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं आणि मला मनातून फार राग यायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या दावणीचा एक बैल वैरणीवाचून गेला. मामंजींनी तो स्वतःच्या हातानं पुरला होता. त्यामुळं पुढच्या साली पीक आलं तेव्हा कडब्याची एक काडीसुद्धा त्यांना शेतात राहू द्यायची नव्हती. हायब्रीड ज्वारीचं आमचं ते पहिलंच वर्ष. कणीस वाळून खडखडीत झालं तरी तिचं ताट, म्हणजे उभा धांडा, आतून ओलं राहतं, हे कुणाला ठाऊक? गावठी ज्वारीच्या सवयीनं, फार न वाळवता पेंढ्या बांधल्या आणि आठवड्याच्या आत गोठ्यामागं गंज रचून मोकळे झालो. उरलेला बैल, त्याचा नवा जोडीदार आणि एक गाय, तिघांची वर्षाची वैरण त्या एका गंजीत होती. मामंजी दिवसातून तीनदा तिच्याभोवती फेरी मारायचे.

सकाळी शेण काढायला गेले, की वारं अंगाला झोंबायचं. मी आपली गंजीला पाठ लावून जरा उभी राहायची. तिथं छान ऊब असायची. दोन दिवस ते सुख मी गुपचूप भोगलं. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की ही बाजू मावळतीची, इथं ऊन येतं ते दुपारनंतर. मग सकाळी ऊब कुठली? मी पेंढ्यांत कोपरापर्यंत हात घातला. आत तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखं लागलं, आणि ओली वैरण कोंडून कुजायला लागावी तसा आंबूस वास आला.

"मामंजी, गंज आतनं तापलीया. मोडाय पायजे."

त्यांनी हात घालून बघितला. पहार आणि कुदळ धरून तळहाताला घट्टे पडलेले, त्यांना काय कळणार! "मला न्हाई काय लागत. तुला थंडी वाजती म्हणून समदंच ऊन लागतंय. चार गडी दोन दिस राबल्यात, ती मोडू व्हय? गाव हसंल."

"हसू द्या," मी म्हणाले. "वैरण गेल्यावर कोण देणार हाय? पहार खुपसा आत. चहा हुईस्तवर ऱ्हाऊ द्या. आन मग हाताला नगं, गालाला लावून बघा."

सासऱ्यांपुढं इतकं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. मामंजींनी बहुधा माझं तोंड बंद करायलाच पहार खुपसली. चहा झाला, पहार उपसली, गालाला लावली आणि चटका बसल्यासारखी टाकून दिली. त्यांचा चेहरा उतरला.

"घागरी भरून आणा," एवढंच ते म्हणाले.

गंज मोडताना मधून वाफा निघाल्या. पोटातल्या पेंढ्या तंबाखूसारख्या काळपट पडल्या होत्या. एका जागी धूर दिसला, तिथं पाणी मारलं. तेवढ्या पेंढ्या उकिरड्यात गेल्या, बाकीचा सगळा कडबा खळ्यावर पसरून उन्हाला घातला. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर पेटलीच असती, असं बघायला आलेली माणसं म्हणाली. मग त्यांतलेच काही आपापल्या घराकडं पळाले आणि जरा वेळानं मला बोलवायला आले. त्या आठवड्यात गल्लीतल्या पाच गंजींत मी हात घातला. दोन मोडायला लावल्या. अंगात स्वेटर, वर शाल, आणि माझ्यामागं ही मोठाली माणसं गप उभी! खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मामंजी मात्र चार दिवस खळ्यावर कडबाच उलथत राहिले. पाचव्या दिवशी ट्रंक उघडून त्यांनी पलटणीतला जाड कोट काढला. सासूबाईंनासुद्धा त्याला हात लावू देत नसत. तो माझ्यापुढं धरून म्हणाले, "घाल अंगात. थंडी वाजली तर सांगत जा." मग ट्रंकेला कडी घालत म्हणाले, "आन कुठं ऊब लागली, तर आदी मला सांग."

कोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा. बायका पाणवठ्यावर पोट धरून हसल्या. पुढचे सगळे हिवाळे मी तो घालूनच शेण काढलं.